बाकावर बसून राहिलो त्याबद्दल

मी, व्हर्ल थेन क्रुकस्टन, वय एक्क्याऐंशी, राहणार हायरम, कॅश खोरे, युटा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डॉक्टरांनी येत्या उन्हाळ्याची खात्री दिली नाही, म्हणून लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. घर व मागची दीड एकर जागा मुलगा रूलन आणि मुलगी जनील यांना निम्मी निम्मी. आधीच्या कागदात जनीलचे नाव नव्हते. रूलनने आता तोंड वाकडे करू नये.

२. तळघरातले गव्हाचे डबे रूलनला. आमच्या मॉर्मन चर्चने संकटकाळासाठी सांगितले म्हणून वर्षभराचा साठा केला. संकट काही आले नाही. माझी बायको लारू मात्र जन्मभर ते डबे पुसत राहिली. सर्वांत जुना गहू कोंबड्यांना घालावा. त्यांनीही नाक मुरडले तर मला बोल लावू नये.

३. वेल्डिंगचे यंत्र ड्वेन पर्व्हिसला. चीजच्या कारखान्यात आम्ही सव्वीस वर्षे शेजारी काम केले. तो बाप्टिस्ट, आमचा धर्म त्याला कधी पटला नाही, पक्ष मात्र दोघांचा एकच. २०१२ साली आमच्याच चर्चचा माणूस राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा ड्वेनने नाक दाबून त्याला मत दिले. चार वर्षांनी पक्षाने जो माणूस उभा केला, तो माझ्या घशाखाली उतरेना. ड्वेनच्या चर्चमध्ये कोणाला अडचण नव्हती, आमच्याकडे मात्र म्हाताऱ्यासुद्धा कुजबुजू लागल्या. ड्वेन म्हणाला, "तुम्ही मॉर्मन आमच्यापेक्षा पक्के, असं वाटायचं मला. पहिले तुम्हीच ढेपाळलात की रे." मी हसण्यावारी नेले आणि गुपचूप तिसऱ्याच उमेदवाराला मत दिले. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

४. सांगायला हवे होते ते जावई टाय एगबर्ट याला. २०१२ च्या निवडणुकीत, आपला माणूस उभा असताना, त्याने स्वतःच्या अंगणात दुसऱ्या पक्षाचा फलक लावला. मतदानाच्या दोन दिवस आधी, रविवारी, चर्चमध्ये नात मारेन हिचे नामकरण होते. रीतीप्रमाणे घरचे पुरुष गोल करून उभे राहतात, एक हात बाळाखाली, दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर. टायने पुढून मला खूण केली. मी बाकावरच बसून राहिलो. लारूने कोपराने ढोसले. "उठा हो, सगळे बघतायत." सगळे बघत होते म्हणूनच मी उठलो नाही. टाय थोडा वेळ थांबला. मग माझी जागा मोकळी ठेवूनच त्याने प्रार्थना केली.

बाहेर गाडीपाशी जनील एवढेच म्हणाली, "बाबा, फलक आम्ही लावला होता. बाळानं काय केलं होतं?"

मी दार उघडून गाडीत बसलो. पुढच्या वसंतात ती मंडळी दूर टकोमाला राहायला गेली. आमच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी मारेनचा बाप्तिस्मा झाला, त्याचे फोटो मी रूलनच्या फोनवर पाहिले. ज्या पक्षापायी बसून राहिलो तो मीच चार वर्षांत सोडला, आणि तरी फोन केला नाही. लाज वाटली, आणि हट्टही होताच. मी चुकलो. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते मला ठाऊक नाही.

५. मला लारूशेजारी पुरावे. कबर देवाला अर्पण करण्याची प्रार्थना, जी आमच्यात बहुधा घरचाच पुरुष म्हणतो, ती टायने म्हणावी अशी माझी इच्छा आहे. बिशपने किंवा रूलनने त्याला गळ घालू नये. जनीलने तर मुळीच नाही. तो नको म्हणाला तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करू नये. थोडा वेळ थांबावे, आणि प्रार्थनेवाचून माती ओढावी.

वाचून पाहिले, माझेच शब्द आहेत, म्हणून खाली सही करतो.

व्हर्ल थेन क्रुकस्टन
हायरम, युटा
१४ मार्च २०२३

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली:
१. जोलीन बिंगहॅम, शेजारीण
२. लामार ऑलरेड, बिशप