गोल्ज्यूच्या दारी एक अर्ज

३ एप्रिल
नवी नोकरी, नवी वही. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात नाव घातलं: देवकी धपोला. खाली पत्ता: हेझलडीन बंगला, अयारपाटा, नैनिताल. पत्ता लिहितानाच अंगावर मूठभर मांस चढलं.

बागेश्वरहून सकाळी निघालेली बस दुपारी तळ्याकाठी टेकली. वळणावळणांवर निम्मी बस खिडकीतून ओकत होती, मी मात्र बुरांशाची लाल फुलं बघत आले. यंदा उशिरापर्यंत फुललाय. मालक साहजी स्वतः फाटकापर्यंत आले. त्यांच्या पणजोबांनी हा बंगला एका गोऱ्या कर्नलच्या बायकोकडून घेतला. आता प्रवासी तो बघायला येतात आणि त्यांना खोल्या फिरवून दाखवायला दोघीजणी आहोत. एक मी. दुसरी लीला कांडपाल, चार वर्षांपासून इथेच. तिने माझी ट्रंक उचलायला हात लावला, 'देवकी बैणी' म्हणत चहा दिला, स्वतःची उन्हाकडची खोली मला सोडून दिली. बरी वाटली.

साहजींनी एक गोष्ट आधीच सांगून टाकली. जूनमध्ये हंगाम संपला की दोघींतली एकच राहील. मी इतिहासात एम.ए., सुवर्णपदक. काळजी तिने करावी.

ट्रंकेच्या तळाशी आजीची चांदीची हंसुली आहे, आईने शालीत गुंडाळून दिलेली. गळ्याशी धरून आरशात पाहिली आणि परत घडीत ठेवली. आतल्या बाजूला दोन बारीक खड्डे आहेत, लहानपणी मी चावले होते तिथे.

९ एप्रिल
आज लीलाच्या मागेमागे हिंडून तिचं काम पाहिलं. हसावं की रडावं कळेना. मेमसाहेबांचा पियानो दाखवते आणि आवाज खाली आणून सांगते की कर्नल लढाईवर गेला त्या दिवसापासून त्यांनी झाकण उघडलं नाही. सगळी थाप. कर्नल कुठल्याही लढाईवर गेला नाही, तो इथेच जुलाबाने मेला. पियानो त्यानंतर बारा वर्षांनी आला, साहजींच्या कपाटात पावती पडलीय. पण बायका डोळे पुसतात, पुरुष घसा खाकरतात. दुपारच्या गटाला मी सनावळीनिशी खरं सांगितलं, तर लखनौच्या एका बाईंनी चहा कुठे मिळेल ते विचारलं.

स्वयंपाकघरात आचारी पनीराम दाज्यूंपुढे मन मोकळं केलं. ते मडुव्याच्या भाकऱ्या थापत म्हणाले, "पोरी, तू पाढे म्हणतेस, ती गोष्ट सांगते." भाकरी चांगली होती म्हणून गप्प बसले.

१७ एप्रिल
प्रवासी फाटकातूनच विचारतात, लीलादीदी आहेत का? आज एका जोडप्याने मी समोर उभी असताना तिची वाट बघत पाऊण तास बाकावर काढला. साहजींनाही चहा तिच्याच हातचा लागतो. काल मी केला, तर अर्धा कप तसाच.

बरं, ती माझ्याशी वाईट वागत असती तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. तेही नाही. आंबटगोड काफळांची परडी आणली तर निम्मी मला. थंडी वाजते म्हणून आपलं लोकरीचं पांघरूण मला. आईचा फोन आला तेव्हा मी दिवाणखान्यात प्रवाशांसोबत होते, तर तो तिने घेतला आणि दोघी अर्धा तास बोलल्या. संध्याकाळी आई मला म्हणाली, "किती गुणाची पोर गं. जरा शिक तिच्याकडून."

माझी आई. मला.

माझ्या पोटात दुखतंय. इथे लिहायला लाज कसली, वही माझीच आहे.

२४ एप्रिल
साहजींनी बंगल्याची पत्रकं छापून आणली. पहिल्या पानावर पियानोशी उभी लीला. माझं नाव मागच्या बाजूला, 'इतर कर्मचारी' या यादीत, माळ्याच्याही खाली. लीला म्हणाली की पुढच्या वेळी दोघींचा फोटो काढू. कोणती पुढची वेळ? जूननंतर मी बागेश्वरच्या बाजारात तोंड लपवत फिरत असेन, आणि ज्या गावाने पेढे खाल्ले तेच गाव विचारेल, आलीस का परत?

थापाड्या बाईची आरती आणि खऱ्याच्या वाट्याला यादीची शेपटी. हा न्याय आहे का?

२६ एप्रिल
आज सुट्टी होती. न्यायदेव गोल्ज्यूच्या देवळात जाऊन आले. स्टँप पेपर वाटेतच घेतला. त्या देवाकडे वकील लागत नाही, अर्ज लिहायचा आणि दोरीला बांधायचा. बाकीचं तो बघतो. घंटांच्या खाली शेकडो कागद फडफडत होते, भावाविरुद्ध, सासूविरुद्ध, शेताचा बांध कोरणाऱ्याविरुद्ध.

मीही लिहिला. 'मी देवकी धपोला. लीला कांडपाल हिने माझी हंसुली चोरली. माझं जे जे आहे ते ती एकेक करून घेते आहे. न्याय करावा.'

हंसुली ट्रंकेत आहे, मला ठाऊक आहे. पण लीला सगळ्यांना आवडते, एवढीच तक्रार अर्जात कोण लिहितं? चोरी लागते, काहीतरी वस्तू लागते. जन्मभर खरं बोलले आणि 'इतर कर्मचारी' झाले. एका खोट्याने काय बिघडतंय.

येताना बाल मिठाई आणली. लीलालाही दिली. तिने दोन तुकडे आवडीने खाल्ले.

३० एप्रिल
हंसुली नाही.

शाल आहे, घडी तशीच आहे, कुलूप जागेवर आहे. दुपारी पाहिलं तर लीलाच्या गळ्यात. खरं सांगते, आधी आनंदच झाला. हातच्या काकणाला आरसा कशाला, चोर ती चोरच. भर दिवाणखान्यात तिचा हात धरला. ती घाबरली नाही, नुसती गोंधळली. म्हणाली, ही आजीची, आईने शालीत गुंडाळून दिलेली. मग काढून आतली बाजू दाखवली आणि हसली. "हे बघ खड्डे. लहानपणी मी चावले होते म्हणे."

साहजी म्हणाले की ते चार वर्षांपासून ही हंसुली तिच्या गळ्यात बघताहेत.

मी चावले होते. मी.

४ मे
लीलाने आज पियानोची खरी गोष्ट सांगितली. जुलाब, बारा वर्षं, पावती, सन, तारीख, सगळं. तरी लोक रडले. कुणीतरी विचारलं, एवढं कसं हो माहीत? ती म्हणाली, एम.ए.ला सुवर्णपदक मिळालं होतं ना, त्याची कृपा.

माझ्या गटापुढे मी उभी राहिले आणि एकही सन आठवेना. पियानो कुणाचा तेही आठवेना.

६ मे
राहवलं नाही. पनीराम दाज्यूंना अर्जाचं सांगितलं. त्यांच्या हातातली पळी खाली पडली. माझ्याकडे बघेनातच. म्हणाले, गोल्ज्यू आपल्या दारात खोटा अर्ज ठेवून घेत नाही. खरा असेल तर न्याय करतो. खोटा असेल तर त्यातला शब्द न् शब्द खरा करून दाखवतो.

उपाय एकच. जिच्याविरुद्ध लिहिलं तिच्यासमोर उभं राहून तोंडाने म्हणायचं, मी खोटं बोलले. मग दोघींनी जाऊन तो कागद उतरवायचा. "आजच जा," म्हणाले. "तुझं असं काही शिल्लक आहे तोवर जा."

गेले. ती ओसरीत होती. भोवती आठदहा माणसं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, गळ्यात माझी हंसुली. मी उंबऱ्यातच थांबले. हिच्यापुढे मान खाली घालू? या सगळ्यांदेखत?

उद्या सांगेन. ती एकटी असताना.

७ मे
एकटी सापडलीच नाही.

किंवा सापडली आणि मी बोलले नाही. वहीत तरी खोटं नको. सकाळी ती विहिरीशी एकटी होती. केसांत बुरांश खोवलेला. इतकी छान दिसत होती की मी परत फिरले.

८ मे
आईला फोन लावला. आई म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं, देवकी. ती म्हणाली, कोण देवकी? मग म्हणाली, आमच्या लीलाची मैत्रीण का गं तू? जेवते ना ती वेळेवर?

मी हो म्हटलं.

आई, मी हो म्हटलं —

९ मे
उन्हाकडच्या खोलीत तिची ट्रंक. माझी ट्रंक. आत तिचे कपडे — माझे —

साहजींनी जिन्यावर हटकलं. अगदी नम्रपणे. बाई, वरचा मजला प्रवाशांसाठी नाही.

पनीराम दाज्यूंकडे धावले. त्यांनी पाणी दिलं. विचारलं, कुठल्या गावच्या?

१० मे
आज सांगितलं. तिकीट काढून, रांगेत उभी राहून, पियानोच्या खोलीत, सगळ्यांदेखत. मी खोटं बोलले. तू चोरी केली नव्हतीस. मला तुझा हेवा वाटत होता, अजून वाटतो. चल, कागद उतरवू.

लोक हसले. तिने माझा हात हातात घेतला, थापटला. म्हणाली, "दीदी, माझ्याविरुद्ध कोण कशाला अर्ज करेल? मी कुणाचं काय घेतलंय?"

तिला खरंच माहीत नाही. तिचं सगळं तिचंच आहे.

मग म्हणाली, पहिल्यांदाच आलात का नैनितालला? या, पुढे बसा, नीट ऐकू येईल —

आणि गोष्ट सुरू केली. आणि मी — मी पण रडले —

११ मे
फाटकाजवळच्या बाकावर. ही वही तेवढी राहिली. कुठे जायचं — बस कुठल्या गावाची —

लीला येतेय. हसत.

म्हणते, दीदी, ही माझी वही तुम्हाला कुठे सापडली? दोन दिवस शोधतेय.

म्हटलं माझी आहे. पहिल्या पानावर नाव आहे, थांब, दाखवते.

पान उलटलं. अक्षर माझंच. पत्ता बरोबर. वर — लीला कांडपाल.

नाही. नाही. मी परत लिहिते. इथेच, तिच्यासमोर. ती थांबलीय, हात पुढे करून. लिहिते —

माझं नाव