लाल चिंधीची कॅन

बाबा, गेले चार दिवस एक कागद घरात पडून होता आणि मी त्याच्याकडे तुमच्याच नजरेने बघत होते. डिझेलवरचा कर वाढवा, म्हणजे ट्रक कमी होतील, कारखान्यांचं सिमेंट रेल्वेने जाईल आणि धूर निवळेल, असं त्यात लिहिलेलं. गडचांदूरच्या आमच्या गल्लीत बहुतेकांनी सह्या केल्या, माझीच राहिली होती. तुमची नात ट्रकच्या रस्त्याला लागून असलेल्या खोलीत झोपते आणि श्वास घेताना तिच्या छातीत शिट्टी वाजते. म्हणजे सही करायला कारण शोधायची गरज नव्हती.

तरी हात धजेना, तुम्ही आड येत होतात. भामरागडला पावसाळा तोंडावर आला की तुम्ही जीपसाठी डिझेलच्या कॅन भरून आणायचात. भेसळ ओळखायला पंपावरच थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचात, पंपवाला वैतागायचा. त्यातली एक कॅन, तोंडाला लाल चिंधी बांधलेली, तुमच्या खाटेखाली असे. ती भाड्याच्या फेरीसाठी नव्हे. रस्ता तुटला की अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस नदीवरच्या नावेपर्यंत पोचवायचा, त्यासाठी ती राखलेली. एकदा ओली लाकडं पेटेनात म्हणून मी त्यातलं पेलाभर चुलीत ओतलं. संध्याकाळी तुम्ही कॅनमध्ये काडी बुडवून पाहता आणि माझ्याकडे वळता. मारत नाही. "कोणाच्या बाईचं होतं थे, सांग मले," एवढंच म्हणता.

जीप आता भाऊ चालवतो, ती कॅनही तोच राखतो. फोनवर त्याला कागदाचं सांगितलं तर म्हणाला, "ट्रकवाला भाडं वाढवून घेते, ताई, त्याचं काई जात नाई. मी पेशंटले काय सांगू? धूर काय आमीच करून राह्यलो का? अन् थो कराचा पैसा इकडं येते का?" पैसा कुठे जातो हे मलाही कधी कळलेलं नाही.

म्हणून मी कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली: या पैशातून भामरागडला पावसाळ्यात रुग्णांसाठी गाडी आणि डिझेल द्यावं. आज सकाळी सह्या गोळा करणारे गृहस्थ आले. ओळ वाचून म्हणाले, "बाई, जास्तीचं लिहू नका. वरती चालत नाई."

"काऊन चालत नाई?" मी विचारलं. ते नुसते हसले. इथे पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही असता तर कागद परत त्यांच्या हातात दिला असता. पण पोरगी दारात बसली होती आणि तिची शिट्टी मला आतपर्यंत ऐकू येत होती. मी ती ओळ खोडली आणि सही केली.

दुपारी भावाचा फोन आला. "केली का सही?"

"नाई केली," मी म्हटलं.

खोटं बोलले, बाबा. हे पत्र भामरागडला नेऊन तुमच्या फोटोमागे ठेवायचं मनात होतं. पण तो फोटो रोज भाऊच पुसतो.