परक्या गाडीत पिशवी धरून

बाबा, मी परदेशात जाऊन आले. विमानाचं कौतुक नाही, आता आपल्या पालघरकडच्या माहीमच्या वाडीवाडीतून कोणी ना कोणी विमानात बसतं. पण तिथे उतरल्यावर पुढचा दिवसभराचा प्रवास मी आगगाडीने एकटीने केला, आणि तो सगळा वेळ तुम्ही माझ्या शेजारी बसून होतात, म्हणून हे तुम्हालाच सांगायचं आहे. तुमच्या नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, जी तुम्ही गेल्यानंतर जन्मली, दिवस गेले होते. ती आणि जावई दोघं युरोपात नोकरीला आहेत. बाळंतपणाला अजून अवकाश होता, पण तिचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि जावयाने मिळेल त्या विमानाचं माझं तिकीट काढलं. ते विमान शेजारच्या देशात उतरायचं. तिथून पुढे गाडी. "आई, सीटवर बसून राहा," तो फोनवर म्हणाला, "गाडी थेट इथपर्यंत येते. कुठे उतरू नका." मी पालघरच्या बाजारातून सुंठ, बाळंतशोपा, हळीव आणि डिंक घेतला, थोडे लाडू वळले, आणि सगळं एका पिशवीत भरून निघाले.

गाडीत माझ्यासमोर साठीची एक बाई बसली होती. कापलेले पांढरे केस, मांडीवर वेताची टोपली, टोपलीत चेरी. तिने हसून टोपली पुढे केली आणि मी मान हलवून नाही म्हटलं. ते 'नाही' माझं नव्हतंच, बाबा. ते वलसाडच्या गाडीतलं होतं. आपण आत्याकडे निघालो होतो, मी सातवी-आठवीत असेन. बोईसरला एक बाई चढली, तिने मला पिशवीतून चिकू काढून दिला आणि मी तो घेतला. तुम्ही माझ्या हातातून तो काढून घेतलात आणि खिडकीतून बाहेर भिरकावलात. "कोणी काय दिलं तर घ्यायचं नाय," तुम्ही म्हणालात, तेही तिला ऐकू जाईल असं. "तुला काय म्हाईत, त्यात काय हाय ते." त्या बाईने पिशवीचं तोंड बांधलं आणि पदर सावरून बाहेर बघत बसली. मला इतकी लाज वाटली की वलसाड येईपर्यंत मी मान वर केली नाही. तुम्ही मात्र पिशवीचा बंद पायाला गुंडाळून निवांत बसला होतात. तुम्ही असे का होतात ते मला आईकडून नंतर कळलं. रंगाच्या कारखान्यात तुमचा डबा कोणीतरी रोज उघडायचं, अर्धा खाऊन तसाच लावून ठेवायचं, आणि ते कोण हे तुम्हाला कधीच सापडलं नाही. मग तुम्ही डब्याला कुलूप लावलंत. पाळीवरचे सगळे कामगार तुम्हाला हसायचे म्हणे. पण कुलूप लागल्यानंतर दोन जण तुमच्याशी बोलेनासे झाले, आणि तुम्हाला वाटलं, हेच ते. आईचं म्हणणं, ते दोघं फक्त दुखावले होते. कोण बरोबर होतं कोणास ठाऊक.

दुपारी गाडी एका शेतात उभी राहिली. आधी वाटलं सिग्नल असेल. मग एसी बंद पडला. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत, बाबा, नुसती काच. बाहेर पिवळी फुलं वाऱ्यावर हलताना दिसतात आणि आत माणूस शिजतो. घोषणा झाली, त्यातलं मला अक्षर कळलं नाही, पण लोकांनी उसासे टाकले आणि बूट काढले, त्यावरून समजलं की आता बराच वेळ इथेच. संडासाला कुलूप पडलं. पाणी संपत आलं तसं मी घोट मोजून पिऊ लागले. पाय सुजून चपलेत मावेनात. फोन लावते तर जावई उचलत नाही, आणि न उचलण्याची जी जी कारणं असू शकतात ती सगळी माझ्या डोळ्यांपुढून जातात. पलीकडच्या रांगेत दोन माणसं हळू आवाजात बोलत होती आणि मधूनच माझ्या पिशवीकडे बघत होती. मी पिशवी मांडीवर घेतली. समोरच्या बाईने मोबाइलवर झाडाचं चित्र दाखवलं, रुळावर आडवं पडलेलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही माझ्याशी इतकं गोड का वागते आहे?

शेवटी गाडी हलली आणि एका स्टेशनात थांबली. पुन्हा घोषणा. सगळा डबा एकदम उठला, पुढच्या डब्यांकडे धावू लागला. त्या बाईने मला खुणेने उठायला सांगितलं. मी बसून राहिले, जावई म्हणाला होता उतरू नका. तिने एकदा, दोनदा पुढे बोट दाखवलं, आणि मग माझी पिशवी उचलली आणि चालू लागली. मी मागून झडप घातली. "सोड," मी ओरडले, आपल्या मराठीत, "सोड ती पिशवी." ती काहीतरी भराभर सांगत होती, घामाने लाल झाली होती. मी पिशवीचा बंद हिसकावला. तिने हात सोडला. माझ्याकडे क्षणभर पाहिलं, टोपलीतून मूठभर चेरी काढून माझ्या सीटवर ठेवल्या आणि उतरून गेली. घसा कोरडा पडला होता तरी मी त्यांना हात लावला नाही.

त्या स्टेशनात गाडीचे दोन भाग केले होते. पुढचे डबे माझ्या लेकीच्या गावाला गेले आणि मागचे, ज्यात मी एकटी पिशवी धरून बसले होते, ते भलतीकडे. एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली आणि पुढे गेलीच नाही, तेव्हा मी उतरले. फलाटावर पोलिसांची एक तरुण बाई आली, पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, ते तर दुसऱ्याच गावाचं. मग तिने हातमोजे घातले आणि पिशवी उघडली. एकेक पुडी बाहेर काढून बाकावर मांडली. सुंठीची पूड बोटावर घेऊन हुंगली. डिंकाचे खडे उजेडाकडे धरले. बाकावरचे दोन प्रवासी उठून लांब जाऊन उभे राहिले. मी लाडवाचा तुकडा मोडून तिच्यासमोर खाल्ला आणि "बेबी, बेबी" म्हणत राहिले, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चिकूवाल्या बाईने पदर का सावरला होता ते मला त्या बाकावर कळलं. तेवढ्यात जावयाचा फोन आला. मी तो पोलिसबाईच्या हातात दिला. ती बराच वेळ ऐकत होती, मग एकदम हसली आणि फोन मला परत दिला. "आई," जावई म्हणाला, "मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. दोघी बऱ्या आहेत. मी त्यांना सुंठ म्हणजे काय ते सांगितलं. तुम्ही तिकडे कशा पोहोचलात?" मी म्हटलं, "गाडीच तशी निघाली." पोलिसबाईने सगळ्या पुड्या नीट बांधून दिल्या आणि मला योग्य गाडीत बसवून तिकीट तपासनिसाला बजावून सांगितलं.

पोहोचले तेव्हा लेक जागी होती. "आई, मी तुझी वाट बघत होते," एवढंच म्हणाली, आणि मला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं. बाळ माझ्या हातात दिलं. नाक तुमचं आहे, बाबा. घरी परत आल्यावर वाडीतल्या मैत्रिणींना मी झाडाची गोष्ट सांगितली, गरमीची सांगितली, त्या बाईची नाही सांगितली. हे पत्रही कुठे जायचं नाही, ओट्यावर बसून लिहिते आहे आणि लिहून झालं की फाडेन. फक्त एक राहिलं. त्या दिवशी हॉस्पिटलात थोड्या वेळाने नर्स बाळाला वजन करायला घेऊन गेली. ती फार प्रेमळ होती, बाळाशी बोलत बोलत चालली होती. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. तिने बाळ परत आणून दिलं, आणि ती वळल्यावर मी दुपट्यातून तो इवलासा हात बाहेर काढला आणि मनगटावरच्या पट्टीचा नंबर लेकीच्या पट्टीशी ताडून पाहिला. जुळला. मग मी तो पुन्हा एकदा पाहिला.