पिना किती दाखवल्या?

अण्णा, संस्थेने मला माफीनामा लिहायला कोरा कागद दिलाय आणि त्यावर मी तुम्हाला लिहितेय. उद्या अकराला तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर हवा, नाहीतर नोकरीवर गदा. येऊ दे!

परवा आमच्या शाळेच्या सभागृहाचं उद्घाटन तुमच्या त्या साहेबांनी केलं. तेच हो, युद्धात विमान उडवलं म्हणून दर निवडणुकीत मिरवणारे. तुम्ही त्याच हवाई तळावर मेकॅनिक होतात. हे गृहस्थ तिथे स्टोअरच्या खिडकीत ब्लँकेटं वाटायचे, हे तुम्ही जेवताना किती वेळा सांगितलंत! "अगं, तिथल्या एकेका वैमानिकाला मी नायतर माझ्या जोडीदारानं पट्टे बांधलेत. ह्याला कोणी बांधले?" मग समजावून सांगायचात. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची असते, तिला लाल फितीच्या पिना असतात. उड्डाणाआधी मेकॅनिक त्या काढून वैमानिकाला दाखवतो, तो मोजतो, मान हलवतो, मगच शिडी निघते. "माणूस स्वतःचं नाव विसरंल, पिना नाय विसरायचा."

सातपूरच्या मैदानातली ती सभा आठवते? मी कॉलेजात, शेजारी मैत्रिणी. साहेबांचे हात हवेत गिरक्या घेतायत, आणि तुम्ही तळ सोडल्यावर धरलेल्या कारखान्याच्या खाकी कपड्यांतच उभे राहता. "साहेब, उडायच्या आधी पिना किती दाखवल्या तुम्हाला?" साहेब माइक जवळ ओढतात. मग म्हणतात, "काका, युद्धात पिना मोजायला वेळ कुणाला? आम्ही शत्रू मोजत होतो!" अख्खं मैदान हसतं. मी तुमचा शर्ट ओढते, बसा ना अण्णा, आणि तुम्ही बसता. घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलात. पुढे मरेपर्यंत पिनांचं नाव घेतलं नाहीत.

परवा पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. टाइप केलेल्या कागदावर 'रणवीर वैमानिक' असं होतं, ते मी गाळलं. माइकवर म्हटलं, "साहेब, उड्डाणाआधी वैमानिकाला पिना किती दाखवतात, आमच्या मुलांना सांगाल?" उत्तर तेच हो, शब्दन्‌शब्द तेच! इतक्या वर्षांत निदान विनोद तरी बदलायचा. लोक हसले. मी खाली बसले नाही. पुन्हा विचारलं. कुणीतरी माइक बंद केला, तर बिनमाइकचं विचारलं. साठ-साठ पोरांच्या वर्गात कमावलेला आवाज आहे माझा, असा थोडाच दबतोय! साहेब पाणी प्यायले, घड्याळ पाहिलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले.

आता म्हणे मी पाहुण्यांचा अपमान केला. कर नाही त्याला डर कशाला? खोटं त्यांनी बोलायचं आणि माफी मी मागायची, वा रे न्याय! उद्या अकराला रिकाम्या हाताने जाईन. हा कागद त्यांना देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचायचा नाही.

पण माफीनाम्याचाच कागद आहे, तर एक लिहूनच टाकते. त्या सभेत साहेबांच्या उत्तरावर सगळ्यात आधी कोण हसलं, ते तुम्ही मागे वळून शोधत होतात. आधी हसणारं मागे कुणी नव्हतं, अण्णा. तुमच्या शेजारी मी होते.