लिंबोणीला पाणी किती

॥ श्री ॥
कंपू, लष्कर, ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. उषाताईस दिनकरचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि तू जोरात बोललीस की भांडते आहेस असं वाटतं, म्हणून लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? इथे स्वेटर निघाले.

मी फार परेशान आहे. कारण अंगणातली लिंबोणी. मेळ्यातून रोप आणून लावलं त्याला सहा वर्षं झाली. झाड छताला टेकलं, पानं हिरवीगार, पण फूल एक नाही. दिवाळीला अंबरीश इंदूरहून आला तेव्हा म्हणाला की बाबा, होळीपर्यंत वाट बघू, नाहीतर झाड काढून फरशी घालू, मोटार आत येईल. पोराचंही चूक नाही, गल्लीत त्याच्या मोटारीचा आरसा दोनदा फुटला. पण ताई, दुकानाची नोकरी सुटल्यापासून सकाळी उठून मी जातो कुठे, तर त्या झाडाकडे. ते गेलं तर काय फरशी बघत बसू?

सल्ला प्रत्येकाचा वेगळा. शेतीच्या सल्ल्याचा फोन लावला तर समोरचा विचारतो, लिंबू किती बिघ्यांत आहे. एकच झाड आहे म्हटल्यावर त्याला पुढे काय विचारावं तेच सुचेना. पाटणकर बाजारातला बियाणंवाला काही विचारायच्या आधी औषधाची बाटली काढतो. मोबाईलवर एकजण ताक घाला म्हणतो, दुसरा मीठ. मी सातवी शिकलेला माणूस, कोणाचं खरं धरू? पुण्याचं मराठी पुस्तक उघडलं तर त्यात मृगाचा बहार धरायला सांगितलाय. मृगात इथे लू चालते, माणूस वाळतो, बहार कसला धरता!

हिला विचारलं तर म्हणते लिंबं बाजारात मिळतात. तुमच्याकडे संत्र्याची बाग होती, आता तूच सांग.

माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.
तुझा दिनकर


नागपूर
२ डिसेंबर २०२४

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

पत्रात दुर्गेबद्दल एक ओळ आणि लिंबोणीचं पुराण पानभर! तिने मला फोनवर सांगितलंय की तू झाडाला "जेवलीस का" एवढंच विचारायचा बाकी आहेस.

माझा सल्ला मागू नकोस. आमच्याकडे संत्र्याला फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडायचे, त्याला ताण देणं म्हणतात. पण आमची जमीन काळी, तुमची निराळी. आमची थंडी शालीची, तुमची रजईची. इथलं गणित तिथे लावलंस आणि झाड मेलं, तर जन्मभर मला ऐकवशील. तुमच्या गावात कृषी विद्यापीठ आहे ना? फोन सोड, पायांनी जा. एक फांदी आणि झाडाखालची माती ने. आणि विचारतील तेवढंच सांग, खानदान सांगत बसू नकोस.

दुर्गेला आशीर्वाद. स्वतःला जप, मग झाडाला.
उषाताई


॥ श्री ॥
कंपू, ग्वाल्हेर
९ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकून गेलो. पहिल्या खेपेला मॅडम खेड्यांच्या फेरीवर गेल्या होत्या, दुसऱ्या खेपेला भेटल्या. डॉक्टर स्मृती मॅडम, अंबरीशपेक्षा लहान. सरकारी ठिकाणी न्यायची म्हणून मी माती चाळून, खडे वेचून, उन्हात वाळवून नेली होती. त्या हसल्या, म्हणाल्या दादाजी, तुम्ही तर तांदूळ निवडून आणलेत. मला जरा लागलं.

मग फांदी बघून म्हणाल्या की पाणी फार होतंय, म्हणून नुसती पानं येतात. महिनाभर थेंब घालायचा नाही. मी त्याच दिवशी अंगणातला नळ दोरीने बांधून टाकला. महिना होत आला. झाड सुकायचं सोडून आणखी हिरवं झालं, वर नवे कोंब! मॅडमना फोन केला तर तीनदा विचारतात, कोणी पाणी घालतं का. मी गणपतीची शपथ घेतली. माती ओली लागते हेही सांगितलं, तर म्हणतात, मग ओली कशी? आता मी खोटा ठरलो! रोज देवांची पूजा आटोपली की मी आधी नळाची दोरी तपासतो, तीर्थ लिंबोणीच्या बुंध्याशी घालतानाही बघतो, नळ जरासुद्धा गळत नाही. या शिकलेल्या लोकांचं पुस्तकात बरोबर असतं, अंगणात चुकतं.

अंबरीशने मिस्त्रीला सांगून ठेवलंय. मी आता कोणाकडे जाऊ?

राग मानू नको, जीव जळतो म्हणून लिहिलं.
दिनकर


नागपूर
२० जानेवारी २०२५

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अरे, ते तीर्थ म्हणजे काय असतं? आपलं पंचायतन, बाबांचे शाळिग्राम, दुर्गेच्या माहेरची अन्नपूर्णा, एवढ्या देवांची आंघोळ म्हणजे रोजची कळशी, आणि सोमवारी रुद्र म्हणजे बादली. ते सगळं बुंध्याशी! पायदळी जाऊ नये म्हणून बाबाही झाडालाच घालायचे, त्यात चूक नाही. पण तुझ्या लेखी ते पाणीच नाही, आणि मुळांना तर ते पाणीच. त्या मुलीने पाण्याचं विचारलं, तू पाण्याचं उत्तर दिलंस. ती बिचारी आणखी काय विचारणार?

मुकाट्याने जा आणि तिला सांग. तीर्थ गल्लीतल्या महादेवाच्या बेलाला घाल, त्याला चालतं.

रागावले नाही. पत्र मात्र लवकर धाड.
उषाताई


॥ श्री ॥
कंपू, ग्वाल्हेर
२७ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जाऊन सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या की ही चूक माझीही, पुढे मराठी घरात पूजेचं आधी विचारीन. वेळ थोडी टळली आहे पण करून बघा, पानं माना टाकतील, घाबरू नका.

मी घाबरलो. पानं नुसती माना टाकून थांबली नाहीत, गळाली. फेब्रुवारी सरता सरता मॅडमनी सांगितलं तसं खत आणि पाणी सुरू केलं, तरी होळीला अंबरीश आला तेव्हा नुसत्या काट्या उभ्या होत्या. त्याच्याबरोबर मिस्त्री. अंबरीश म्हणाला, बाबा, हे तर मेलंच, आता कशाला अडवता. मॅडमना फोन लावला, त्या बाहेरगावी, लागेना. मग मीच बोललो. ताण म्हणजे काय, मुळं का सुकवली, चूक कोणाची होती, सगळं. नखाने साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं. मिस्त्री म्हणाला, साहेब, जिंदा है. अंबरीशने वाकून ते हिरवं बघितलं. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणत आलो. तो म्हणाला, पावसाळ्यापर्यंत राहू दे, आणि मोटार गल्लीतच लावून गेला.

सोमवारी हिने हाक मारली. फांद्यांवर कळ्या आल्या आहेत, पांढऱ्या, जांभळी झाक असलेल्या. ही बोट लावून मोजायला लागली, मी हात धरला. अंबरीशला कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. पुढे लू आहे, मॅडम म्हणतात बरीच फुलं गळतील. फळ धरलं तर तो स्वतः येऊन बघेल.

तब्येत सांभाळ, आणि तुझी माया अशीच असू दे.
दिनकर