नुसते ओठ हलवा

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वर्कशॉपात पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारींची रांग लागलीय, धाकटीची परीक्षा संपली, तुमच्या जावेने नवे पडदे लावून माझ्याकडून दोनदा कौतुक वसूल केलं. तुमचा गुडघा कसा आहे?

मुद्दामच विचारलं. गुडघ्याचं कारण सांगून तुम्ही आपलं समूहगानाचं मंडळ सोडलंत. मलाही फोनवर तेच सांगितलंत, आणि मी म्हणालो, "शेकत जा." इतका निगरगट्ट मी कधी झालो, कोण जाणे.

मंडळात गाणं बसवणाऱ्या सरांनी तुम्हाला बाजूला घेऊन "कार्यक्रमात नुसते ओठ हलवा" म्हटलं, ते त्यांच्या डोक्यातलं नव्हतं. माझ्या डोक्यातलं होतं. मोटारीचं बेअरिंग गेलेलं मला दारातूनच ऐकू येतं, तसा खालच्या आवाजांच्या रांगेत तुमचा सूर उतरलेला ऐकू आला. मी सरांच्या कानाला लागलो. वर म्हणालो, "माझं नाव नको."

काल कार्यक्रम झाला. खोटं सांगत नाही, आवाजांच्या चारही रांगा चोख जुळल्या. बंदरात बोट परत येते ते गाणं, तुम्ही 'रडूबाई' म्हणायचात ते, त्याला तर लोक उभे राहिले. शेजारी उभा असलेला आपला शिंपी डोळे पुसत म्हणाला, "वहिनी असत्या तर एव्हाना माझा रुमाल त्यांच्याकडे गेला असता." पुढचं गाणं मला म्हणता आलं नाही.

वहिनी, ती गाणी एकट्याने म्हटली तर हसू येतं. चार सोपे सूर, शेवटी कोणीतरी घरी पोचतं, बस. पण चारही रांगांनी एकदम म्हटलं की हसणारेच रुमाल शोधतात. आपल्यासारख्यांना आत घेता यावं म्हणूनच ती सोपी आहेत. दादा गेल्यावर मीच तुम्हाला ओढून नेलं, "चला, इथे नापास कोणी होत नाही" म्हणत. आणि मीच नापास केलं.

आज सकाळी सरांच्या घरी जाऊन सांगून आलो, माफ करा म्हटलं. ते म्हणाले, "सुराचं मी बघतो. माणूस तुम्ही घालवलंत, तुम्ही आणा." शिंप्यालाही सांगितलं. तो पुन्हा मशीन चालवायला लागला, ते जास्त लागलं.

गुरुवारी तालीम आहे. "या" म्हणायचं तोंड मला राहिलं नाही. पण त्याआधी एक फोन करा आणि शिव्या द्या, अगदी मोकळ्या गळ्याने. तुमचा आवाज मी बंद केला. तो आधी माझ्यावरच सुटू दे.

तुमचा,
भाऊजी म्हणायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा.