मंदाक्रांतेचा तिसरा तुकडा

४ ऑगस्ट

चि. टोळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू 'बरं चाललंय'च्या पुढे जात नाहीस आणि मला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. पत्रात माणसाला निदान दोन ओळी जास्त बोलाव्या लागतात.

रविवारचा तुझा सामना ताईनं तिच्या फोनवर लावून दिला. फोन शिलाई मशीनला टेकवून ठेवला होता. एवढ्याशा पडद्यावर तू मुंगीएवढा, पण धावण्यावरून लगेच ओळखलं. लहानपणी दुकानातून सुटायचास तसाच, आधी डोकं निघतं आणि पाय मागून येतात. एक गोष्ट फार आवडली. कडेला एक गृहस्थ बावटा घेऊन उभे असतात, ते तू पळालास की बावटा उंच करतात. दुसऱ्या कुणासाठी इतक्यांदा केला नाही. कोटाचं माप द्यायला आलेल्या वकिलांना मी सांगितलं, परदेशात आमच्या नातवाला असा मान आहे. ते जरा विचित्रच हसले. हे गृहस्थ कोण? त्यांना माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो कागदावरही उतरू दे.
आजोबा

१९ ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग तोंड कुठे लपवू असं झालं. आजोबा, तो बावटा मानाचा नाही, ऑफसाइडचा आहे. आपल्या माणसाच्या पायातून पास सुटतो, त्या क्षणी मी समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेलेलो असलो की चूक माझी. खेळ थांबतो आणि चेंडू त्यांना मिळतो. माझं हे सारखं होतंय. वेग पाहून मला इथे आणलं, आणि तोच वेग आता मुळावर आलाय. प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलंय, हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत सुधारलं नाही तर करार वाढणार नाही. मग गाशा गुंडाळायचा. ताईला सांगू नका.

वकिलांना काय सांगायचं ते तुम्हीच बघा.

आशीर्वाद असू द्यावा. त्या गृहस्थांना नमस्कार मात्र पोचवणार नाही.
आपला,
टोळ

२ सप्टेंबर

चि. टोळ्यास,
ताईचे अ. उ. आ.

'ताईला सांगू नका' हे वाक्य आजोबांनी दुकानात खणखणीत आवाजात वाचलं. त्यांना वाटतं ते पुटपुटतायत. तेव्हा मला सगळं कळलंय, गिऱ्हाइकांनाही कळलंय. तू काळजी करू नकोस, आम्ही सगळे मिळून करतोय.

कापायचं टेबल सध्या माझं राहिलेलं नाही. त्यावर खडूनं मैदान आखलंय. काळी बटणं तुमची, पांढरी त्यांची, आणि शेवटच्या पांढऱ्या बटणापाशी मापाची टेप आडवी ताणलेली. त्या टेपच्या पलीकडे आधी जायचं नाही, हे आता मलाही झोपेत सांगता येईल. आजोबा दिवसभर एकच विचारतात, टोळ निघतो तो कशावरून निघतो? मला काय ठाऊक? तूच लवकर कळव. जे बटण तू झाला आहेस ते वकिलांच्या कोटाचं आहे, आणि कोटाची ट्रायल तोंडावर आलीये.

जेवत जा. माया आहे, पण टेबल त्याहून गरजेचं आहे.
ताई

२१ सप्टेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

'लवकर निघतोस' हे मला सगळेच सांगतात. कशावरून निघतोस, हे विचारणारे तुम्ही पहिले. म्हणून दोन दिवस स्वतःवर लक्ष ठेवलं.

मला पास देणारा एक उंचच उंच माणूस आहे, त्याला मी लंबू म्हणतो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही. त्याचा पाय मागे गेला की मी सुटतो. आमच्या जुन्या संघात पाय मागे गेला की पास आलाच. लंबू मात्र चेंडूला आणखी एकदा गोंजारतो. तोवर मी टेपच्या पलीकडे, आणि बावटा वर. बरं, उभा राहून वाट पाहावी तर पाय थिजतात आणि मग उशीर होतो. इकडे आड, तिकडे विहीर.

ताईला बटण परत द्या.

कृपा आहे, ती वाढती ठेवावी.
टोळ

५ ऑक्टोबर

चि. टोळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला, आणि त्या तालावर उत्तर सापडलं. आठवतं का, मी मशीन चालवताना मंदाक्रांता म्हणायचो? आम्हाला ती मास्तरांनी बाक वाजवून शिकवली. खिडकीबाहेर चिंचेवर पोपट यायचे आणि मास्तर म्हणायचे, ओळीचे तीन तुकडे करा रे, पहिला हत्ती, दुसरा हरीण, तिसरा पाळणा. गागागागा, मग श्वास. ललललल गा, मग श्वास. मग उरलेलं. वृत्ताचं नावच मुळी 'हळू पावलं टाकणारी' असं आहे. त्या श्वासाला यती म्हणतात. यती म्हणजे थांबणं नव्हे बाळा, पुढच्या पावलासाठी पाय उचलून धरणं.

मी टेबलावर करून पाहिलं. तू उभा राहू नकोस आणि पुढेही पळू नकोस. टेपच्या अलीकडून, टेपला धरून आडवा चाल, चार जड पावलं, गागागागा. लंबूला चेंडू गोंजारायचा तो तेवढ्यात गोंजारू दे. यतीवर पास सुटला की ललललल. पण हे लंबूलाही यायला हवं. एकट्याच्या तालावर ओळ होत नाही.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. हसू आलं तर हस, पण करून बघ.

प्रेम आहेच, यती पाळावा.
आजोबा

१० नोव्हेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

सरावात मी तोंडानं गागागागा म्हणत चालू लागलो, तर आमचाच बचावपटू, मी त्याला चावेन की काय, अशा नजरेनं बघत बाजूला झाला. आता सगळा संघ मला गागा म्हणतो. टोळ बरा होता. लंबूला समजावायला भाषा नव्हती, म्हणून पाण्याच्या बाटलीवर वाजवून दाखवलं. तो दोनदा ऐकून हसला, आणि आता लांबून मान हलवून चार मोजतो.

शनिवारी मला शेवटी शेवटी उतरवलं. चार पावलं आडवा चाललो, श्वास घेतला, पास सुटला, मी सुटलो. बावटा खालीच. समोर फक्त गोलरक्षक. आणि आजोबा, तिथे माझं डोकं कोरं झालं. पाय हरणासारखे पळतच राहिले आणि मी चेंडू सरळ त्याच्या पोटात मारला. सुट्टीआधी मला आता एकच सामना मिळणार आहे.

हरणानंतर काय येतं? मला आठवतच नाही.

वाट पाहतोय.
टोळ

२२ नोव्हेंबर

चि. टोळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवेल कसं? तू ते कधी ऐकलंच नाहीस. ओळ पुरी झाल्याशिवाय खेळायला जायचं नाही, असा नियम होता. तू चिंध्यांचा चेंडू काखेत धरून दारात उभा असायचास, आणि ललललल आलं की उंबऱ्याबाहेर. मी तिसरा तुकडा रोज रिकाम्या दाराला म्हणून दाखवायचो.

तो असा: गालगागा, लगागा. पाळणा. एकदा इकडे, एकदा तिकडे. तिथे घाई संपलेली असते. ओळ घरी येते.

माझं चित्त तिकडेच आहे, एवढं ओळखावं.
आजोबा

१५ डिसेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

हत्ती झाला, हरीण झालं. गोलरक्षक पुढे झेपावला आणि मी पाळणा केला. चेंडू एकदा इकडे नेला, गोलरक्षक तिकडे पडला, मग हळूच आत ढकलला. आधी मी कडेला पाहिलं. बावटा त्या गृहस्थांच्या मांडीला चिकटलेला. तुमचा नमस्कार मी मनातल्या मनात पोचवला.

करार एक वर्षानं वाढला. सुट्टीत येतोय. लंबूनं खुणांनी विचारलं, या गाण्याला शब्द आहेत का? मीही खुणेनंच म्हटलं, असतील. पाठवाल का?

पाया पडतो, समक्ष पडेपर्यंत कागदावर.
टोळ

२४ डिसेंबर

चि. टोळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शब्द आहेत, आणि फार सुंदर आहेत. पण पाठवत नाही. तू ये. आधी दाराला कडी लावीन, मग म्हणेन.

वकिलांचा कोट झाला. एक बटण वेगळं आहे, कारण तुझं बटण मी ठेवून घेतलं. त्यांना सांगितलं, ते मानाचं आहे.

आजोबा